परत दिलेलं गंगाफळ

सुरतेतल्या नवागामच्या आमच्या खोलीत पाण्याचा हंडा कधी स्थिर नसायचा. मागच्या भिंतीला लागूनच कापडाच्या लूमचा कारखाना होता. आठवड्यातला एक दिवस सोडला तर तो अखंड चालायचा आणि हंड्यातल्या पाण्यावर बारीक बारीक वर्तुळं उठत राहायची. फळीवरची भांडी एकमेकांना लागून किणकिणायची. आम्ही सगळे मोठ्यानं बोलायचो. गावाकडून कुणी आलं की पहिले दोन दिवस त्याला वाटायचं, या घरात भांडण चाललंय. आबांना तर आणखी मोठ्यानं सांगावं लागे. ते त्याच कारखान्यात लूम चालवायचे आणि चार-पाच वर्षांत त्यांचे कान निम्मे गेले होते. समोरचा काय म्हणतो हे ते त्याच्या तोंडाकडे आणि हाताकडे बघून ओळखायचे. घरात ते भागून जाई. बाहेर, आणि तेही गुजरातीत, किती निसटत होतं हे आम्हाला त्या रविवारपर्यंत कळलंच नव्हतं.

आम्ही पारोळ्याकडचे. घरात मी, माय आणि आबा, तिघंच. माय दिवसभर साड्यांवर टिकल्या चिकटवायची. मार्केटमधला माणूस गठडी टाकून जायचा, मी शाळेतून आले की मीही तिच्यासमोर बसायचे. साडी परक्याची असल्यामुळे तिच्यावर डाग पडता कामा नये, म्हणून ते काम चालू असताना खोलीत चूल पेटायची नाही. जेवण म्हणजे सकाळीच करून ठेवलेली कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी, ठेचा, आणि कधी पातळ पिठलं. आजही मला गरम भाकरीपेक्षा जरा वाळलेली भाकरी आवडते. माझ्या मुलीला त्याचं हसू येतं.

आम्ही ख्रिस्ती. गावी आमची मंडळी म्हणजे पंधरा-वीस घरं आणि मातीच्या भिंतींची एक खोली. सुगी झाली की एका रविवारी त्या खोलीत मधोमध चादर अंथरली जायची. प्रत्येक घरातलं कुणीतरी उठायचं, पदराखालून किंवा टॉवेलखालून आणलेलं धान्य चादरीवर ओतायचं आणि खाली मान घालून जागेवर येऊन बसायचं. ज्वारीवर बाजरी, बाजरीवर शेंगा, असा एकच ढीग व्हायचा. कुणी पायली आणली, कुणी मूठभर, हे कुणी बघायचं नाही. निदान बघितल्याचं दाखवायचं नाही. उपदेशक प्रार्थना करायचे, संपलं. देणं म्हणजे हेच, असं मला वाटायचं. दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं देवाला काही देतात, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

सुरतेत आल्यावर दोन वर्षं आम्ही कुठल्याच देवळात गेलो नाही. माहीतच नव्हतं कुठे जायचं. मग एकदा मला ताप आला म्हणून माय मला म्युनिसिपालटीच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथे कपिलाबेन नावाच्या नर्स होत्या. उंच, सावळ्या, केस घट्ट मागे बांधलेले. त्यांनी कागदावर माझं नाव लिहिलं, मार्था, आणि पेन थांबवून मायकडे बघितलं. "बेन, तमे आपणां?" म्हणजे, तुम्ही आपल्यातल्या का? मायला प्रश्न कळला की नाही कोण जाणे, पण त्या बाईच्या आवाजातलं काहीतरी कळलं. ती रडायलाच लागली. पुढच्या रविवारी कपिलाबेन स्वतः गल्लीच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या आणि आम्हाला शहरातल्या त्यांच्या देवळात घेऊन गेल्या.

गुजराती मंडळी ती. गाणी गुजराती, उपदेश गुजराती. पुरुष एका बाजूला, बाया एका बाजूला. मला शाळेच्या मैत्रिणींमुळे भाषा येत होती. माय अंदाजानं ओठ हलवायची. आबा पुरुषांच्या शेवटच्या बाकावर बसायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. लोक वाईट नव्हते. सलाम करायचे, विचारपूस करायचे. पण उपासनेनंतर चहा व्हायचा तेव्हा आबा चहा न घेताच बाहेर जाऊन उभे राहायचे. कपिलाबेन एकदा आबांविषयी मायला म्हणाल्या, "शांतवनभाई चहा नथी पीता?" माय म्हणाली, पितात, पण बाहेरचा नाही. हे खोटं होतं. कारखान्यासमोरच्या टपरीवर आबा दिवसाला सहा कप प्यायचे.

त्या वर्षी मायनं आमच्या पत्र्यावर वेल चढवला. गावाहून येताना लुगड्याच्या टोकाला बांधून तिनं बी आणलं होतं. गंगाफळ म्हणजे आपला तांबडा भोपळा. मोरीच्या पाण्यावर, डब्यातल्या मातीत तो वेल असा काही फोफावला की शेजारच्या दोन पत्र्यांवर गेला. फुलं खूप आली, फळं तीनच धरली. त्यातली दोन माकडांनी नासवली. एक राहिलं. मायनं त्याच्याखाली चिंध्यांची चुंबळ ठेवली, म्हणजे पत्र्यानं भाजू नये. रोज सकाळी ती स्टुलावर चढून त्याला हात लावून यायची. आभारस्तुतीचा रविवार आहे, घरातलं काहीतरी आणायचं, असं कपिलाबेननी सांगितलं तेव्हा मायनं एका क्षणाचाही विचार केला नाही. "पहिलं फळ शे," ती म्हणाली. "ते देवनंच शे."

आबांनी ते उतरवलं. बसमध्ये मांडीवर घेऊन बसले. चांगलं मोठं, गडद नारिंगी, वर पांढुरकी झाक. मी त्या दिवशी मनातून खूश होते. दुसऱ्या दिवशी माझ्या दहावीच्या फॉर्मचे पैसे भरायचे होते. ते आणि खोलीचं भाडं आबांच्या बंडीच्या आतल्या खिशात होतं, कारण आमच्या दाराच्या कडीचा भरवसा नव्हता.

देवळात समोर मोठं टेबल मांडलं होतं. केळीचे घड, नारळ, ऊस, अंडी, कुणाच्या घरची लोणच्याची बरणी, हातानं विणलेला टेबलक्लॉथ. मायनं गंगाफळ टेबलावर ठेवलं आणि खाली मान घालून परत आली. ती डोळे मिटून बसली. आता प्रार्थना होईल आणि संपेल, असंच आम्हाला वाटत होतं.

प्रार्थना झाली. मग मंडळीचे एक कारभारी, जाडजूड आणि गमतीशीर गृहस्थ, बाह्या सरसावून टेबलामागे उभे राहिले. त्यांनी केळ्यांचा घड उचलला आणि ओरडले, "बोलो भाई, केटला?" मागून कुणीतरी आकडा ओरडलं. दुसऱ्यानं वाढवला. "एक वार, बे वार, त्रण वार!" घड गेला. मग नारळ. मग अंडी. माणसं हसत होती, एकमेकांची थट्टा करत होती, मुलं टाळ्या वाजवत होती. लिलाव चालला होता देवळात! मायनं डोळे उघडले आणि माझा हात धरला. "हे काय शे, मार्था?" मी म्हटलं, पैसे देवळालाच जातात. ते मी माझ्या मनानंच सांगितलं. मलाही काही ठाऊक नव्हतं. मी पुरुषांच्या बाजूला बघितलं. आबा ताठ बसले होते. आपल्या गावची ती चादर त्यांच्याही डोळ्यांपुढे आली असेल.

मग कारभाऱ्यांनी गंगाफळ दोन्ही हातांनी उचलून डोक्यावर धरलं. "आ जुओ! आ कोळुं जुओ!" हा भोपळा बघा. सगळीकडून वाहवा झाली. पहिल्यांदा बोली गेली मगनभाईंकडे. हे कापड बाजारातले दलाल, पहिल्या बाकावर बसायचे. एक्कावन्न रुपये. कारभारी फळ घेऊन त्यांच्यापुढे गेले. मगनभाईंनी बसल्या जागेवरून नुसता हात हलवला, माशी वारावी तसा, आणि म्हणाले, "पाछुं." परत. टाळ्या पडल्या. गंगाफळ परत टेबलावर आलं.

पुन्हा बोली सुरू झाली. आता बायांच्या बाजूनं कपिलाबेनचा आवाज आला. एकाहत्तर. त्यांना मिळालं. कारभारी त्यांच्याकडे आले. कपिलाबेननी फळावर हात ठेवला, हसल्या, आणि त्याही म्हणाल्या, "पाछुं आपुं छुं." परत टेबलावर. तिसऱ्यांदा ते हजिऱ्याकडे नोकरीला असलेल्या एका तरुणानं घेतलं, एकशे एकला, आणि त्यानंही मान हलवून परत पाठवलं. केळी लोक घरी नेत होते. अंडी नेत होते. लोणच्याची बरणी कुणीतरी केव्हाच पिशवीत टाकली होती. आमचंच फळ कुणी घरी नेत नव्हतं.

मी आबांकडे बघितलं तेव्हा ते उभे होते.

"सव्वाशे," ते म्हणाले. मराठीत, आणि नेहमीसारखे फार मोठ्यानं. सगळं देऊळ वळून बघायला लागलं. कारभाऱ्यांना आनंद झाला. "वाह भाई, वाह! एक वार, बे वार, त्रण वार!" टाळ्या सुरू झाल्या. आबा मधल्या वाटेनं पुढे गेले. बंडीत हात घालून त्यांनी नोटा काढल्या, मोजल्या, टेबलावर ठेवल्या. त्या नोटा कशाच्या हे मला आणि मायलाच ठाऊक होतं. मग त्यांनी गंगाफळ उचलून खांद्यावर घेतलं आणि ते दाराकडे चालायला लागले. टाळ्या थांबल्या. कारभारी अजून हसतच होते. त्यांना वाटलं, नवीन माणूस आहे, विसरला. "भाई, पाछुं?"

आबा थांबले. "नाही," ते म्हणाले. "याला माझं घर आहे."

माय पदर ओढून उठली, मी तिच्या मागे. कपिलाबेन आमच्याकडे बघत होत्या. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

आम्ही बसनं आलो नाही. आबा चालायला लागले म्हणून आम्हीही चालत निघालो. ते पुढे, खांद्यावर गंगाफळ, माय दहा पावलं मागे, मी मधे. शहर संपलं, रूळ ओलांडले, तरी ते थांबले नाहीत. खोलीत आल्यावर आबांनी फळ कोपऱ्यात ठेवलं. म्हणाले, "मार्थानी माय, आज हेच कर."

"मी नही करावं," माय म्हणाली. आबांच्या तोंडावर तिनं नाही म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकत होते. "देवले दिधं ते दिधं. आते ते आपलं नही."

"देवले दिधं व्हतं. बाजारले नही."

"आनि पोरना फॉर्म?"

नंतर पाच दिवस त्या खोलीत तिघं माणसं आणि एक गंगाफळ राहत होतं. माय आबांना ताट वाढायची, पण बोलायची नाही. आबा जेवायचे आणि उठायचे. कारखान्याच्या हादऱ्यानं ते फळ जमिनीवर हळूहळू सरकायचं. सकाळी भिंतीशी ठेवलेलं संध्याकाळी वीतभर पुढे आलेलं असायचं. मी ते पायानं मागे ढकलायचे आणि मग भीती वाटायची, देवाच्या वस्तूला पाय लावला. मायनं मार्केटच्या माणसाकडून दोन गठड्या जास्त मागून घेतल्या. मी शाळा बुडवून तिच्यासमोर बसले. टिकल्यांच्या डिंकानं माझ्या बोटांची टोकं कडक झाली होती. फॉर्मची शेवटची तारीख शनिवार होती. तोवर तेवढ्या टिकल्या होतील की नाही, एवढंच मी मोजत होते. त्या दिवसांत मला आबांचा राग आला होता, हे आज लिहायला हरकत नाही. पंचविशीची होईपर्यंत तो थोडा थोडा येत राहिला.

पाणी भरायला गेले तेव्हा दवाखान्यातली आया भेटली. ती मला म्हणाली, "तुम्ही लोकांनी देवाला दिलेलं परत आणलं म्हणे." बातमी आमच्या गल्लीपर्यंत आली होती. मी ते घरी सांगितलं नाही.

शुक्रवारी लूम बंद असायचे. आमच्या भागातली वीज त्या दिवशी कापायचे. भिंत गप्प, हंड्यातलं पाणी सपाट. आबा दाराशी बसून विडी ओढत होते. दुपारच्या सुट्टीत कपिलाबेन आल्या. पांढऱ्या साडीतच, छत्री मिटत. माय गडबडीनं साड्या गोळा करायला लागली. आबा उठले नाहीत.

"शांतवनभाई," कपिलाबेन त्यांच्यासमोर चटईवर बसत म्हणाल्या. त्या हिंदी, गुजराती आणि दवाखान्यात शिकलेली मराठी मिसळून बोलायच्या. "तुम्ही का उठून गेले? मला सांगा. मी तुम्हाला आणलं होतं त्या देवळात. माझा हक्क आहे."

आबा विडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुम्हीपण परत दिलं."

"ती रीत आहे आमची."

"केळी परत दिली नाही कुणी. अंडी दिली नाही."

"अरे भाई, सगळं नाही फिरवत! सर्वांत सारी, अच्छी चीज असते ना, वरसाची, तीच फिरवतात. एकानं घ्यायची, परत द्यायची, दुसऱ्यानं घ्यायची. देवाला त्याचे पैसे चार वेळा मिळतात. मागच्या वर्षी बारडोलीहून कुणी गूळ आणला होता, तो सात वेळा फिरला. मान असतो तो. तुमच्या रत्नाबेनच्या कोळ्याला मान दिला आम्ही."

माय साड्या हातात धरून उभी होती. मला वाटलं आता आबा हसतील किंवा निदान मान खाली घालतील. ते कपिलाबेनच्या ओठांकडे टक लावून बघत होते. सगळं ऐकू आलं होतं त्यांना, पण चेहरा तसाच होता.

"मी आठ वर्षांचा असताना," ते म्हणाले, "आमच्या शेंगा निघाल्या. बापानं मास्तरांना टोपलीभर पाठवल्या. मास्तर म्हणाले, ठेव तिकडे ओट्याखाली. गोड बोलले. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो तर मास्तरांची म्हैस खात होती. टोपली आमचीच. मास्तर चांगला माणूस होता, बेन. मला शिकवलं त्यानं. पण आमच्या वस्तीवरचं त्याच्या घरात जात नव्हतं." ते थांबले. "पहिल्या बाकावरच्या त्या माणसानं हातसुद्धा लावला नाही. असा केला." आणि त्यांनी मगनभाईंसारखा हात हलवून दाखवला. "तुम्ही सांगा. तिघांनी परत दिलं. तिघांनीही रीतच पाळली?"

ही शेंगांची गोष्ट मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. मायनंही. लग्नाला सतरा वर्षं झाली होती तिच्या.

कपिलाबेननी कपाळावरचा घाम पुसला. तेव्हा त्यांना "हो, तिघांनीही" म्हणणं किती सोपं होतं! त्या तसं म्हणाल्या नाहीत, म्हणून मी आजही त्यांना मानते. "मी माझं सांगू शकते," त्या म्हणाल्या. "बीजांचं, दुसऱ्यांचं, मला नाही माहीत. मगनभाईंच्या घरी मी पण कधी जेवले नाही, भाई. त्यांनी कधी बोलावलं नाही."

मग कपिलाबेननी छत्री बाजूला ठेवली, पाय मोकळे केले आणि मायला म्हणाल्या, "रत्नाबेन, मने भूख लागी छे. आ कोळुं कापो."

माय हलली नाही. "ते देवाचं आहे," ती म्हणाली.

"देवाला तुम्ही दिलं. देवानं यांना विकलं. आता यांचं आहे ते. पाहुण्याला जेवू घालायचं की नाही, ते यांनी सांगायचं." आणि त्या आबांकडे वळल्या.

आबांनी विडी विझवली. कोपऱ्यात जाऊन त्यांनी गंगाफळ उचललं, मांडीवर घेतलं, विळी पुढ्यात ओढली आणि स्वतःच कापलं. साल इतकी कडक झाली होती की त्यांना दोन्ही हातांनी जोर लावावा लागला. आत केशरी गर आणि पांढऱ्या बिया. मायनं साड्या खाटेवर टाकून वर चादर घातली आणि चूल पेटवली. मेथीदाण्याची फोडणी, लाल तिखट, गुळाचा खडा, वरून दाण्याचा कूट. भाकऱ्या सकाळच्याच होत्या. कपिलाबेननी हातातलं घड्याळ काढून ठेवलं आणि जेवायला सुरुवात केली. पहिल्या घासाला आबा दाराच्या चौकटीला टेकून त्यांच्या तोंडाकडे बघत होते, उघड उघड, लाज न बाळगता. कपिलाबेननी दोनदा भाजी मागून घेतली. उठताना म्हणाल्या, "अर्धं मी घेऊन जाते. मला रात्रीला होईल." माय कागदात गुंडाळायला लागली तर त्यांनी तिला थांबवलं आणि ती अर्धी फाक तशीच उघडी कडेवर घेतली, लेकरू घ्यावं तशी, आणि गल्लीतून निघाल्या. आया, दुकानदार, नळावरच्या बाया, सगळ्यांच्या देखत.

फॉर्म मी दुसऱ्या दिवशी, टिकल्यांच्या पैशांतून, शेवटच्या तासाला भरला. देवळात आम्ही दोन रविवार सोडून पुन्हा जायला लागलो. मगनभाई पुढेही पहिल्या बाकावर बसत राहिले. त्यांच्या मनात त्या दिवशी काय होतं, ते कुणालाच कळलं नाही. आता ते नाहीत आणि आबाही नाहीत. हल्ली आमच्या देवळात प्रत्येक बाकाला क्यूआर कोडचं स्टिकर लावलंय. मुलं फोन काढतात, देतात. कुणी किती दिलं ते शेजारच्यालाही कळत नाही. आबांना ते आवडलं असतं, असं मला कधी कधी वाटतं. आभारस्तुतीचा लिलाव मात्र अजून होतो, आणि दर वर्षी मी कुणीतरी नवीन माणूस शोधून त्याच्याजवळ बसते आणि त्याला आधीच सगळं सांगून ठेवते.

पण त्या शुक्रवारचं सांगत होते. कपिलाबेन गल्लीच्या वळणावरून दिसेनाशा होईपर्यंत आबा दारात उभे होते. मग आत आले आणि चुलीपाशी बसले. "वाढ," ते म्हणाले. मायनं भाजीचं पातेलं त्यांच्यापुढे सरकवलं. आबांनी एक घास खाल्ला, चावला, थांबले.

"मीठ कमी शे."

"माले माहीत शे," माय म्हणाली. पाच दिवसांतलं तिचं त्यांच्याशी पहिलं बोलणं. "ती काही बोलनी नही."

आबांनी मिठाच्या डब्याकडे हात नेला, मग तो परत घेतला आणि तशीच खायला लागले.